दोन कपाटांच्या मधला संगणक

हळर्णच्या सरस्वती वाचनालयानं संगणक घ्यायचा ठराव एकमतानं पास केला, ही बातमी पेडण्यापर्यंत पोचली तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. त्या वाचनालयात साधा पंखा बसवायचा ठराव एकमतानं झाला नव्हता. पंख्याचा वारा मराठी कपाटाकडे अधिक जातो, असा आक्षेप तिथल्या इतिवृत्तात आजही वाचायला मिळतो आणि त्याखाली 'वारा मोजण्याचे साधन नसल्याने विषय तहकूब' असा शेरा आहे.

वाचनालय म्हणजे एक खोली. तिच्या एकाच भिंतीला दोन कपाटं. मराठीचं मोठं, चार दारांचं, लाटंबार्सेच्या सुतारानं फणसाच्या लाकडात केलेलं. कोंकणीचं लहान, पण प्रवेशदाराजवळ. कोंकणी राजभाषा आणि मराठीलाही वापराची मुभा, असा भाषेचा कायदा झाला, गोवा घटक राज्य झालं, त्याच सुमाराला वाचनालयानंही आपला प्रश्न सोडवला होता. राज्यानं भाषांचं जे केलं तेच वाचनालयानं कपाटांचं केलं. एकाला मान दिला, दुसऱ्याला जागा दिली, आणि दोघांनाही आपण फसवले गेलो असं वाटेल याची काळजी घेतली. कपाटं जागची तसूभरही हलवायची नाहीत, असा ठराव आहे. त्यामुळे त्या दोहोंच्या मधे जी फट राहिली ती राहिलीच. एक वीत आणि तीन बोटं. खोलीतला एकमेव प्लग त्या फटीत आहे, कारण वायरमन सावंतवाडीचा होता आणि त्याला कुणाच्या बाजूला जायचं नव्हतं.

म्हणजे संगणकाचा डबा त्या फटीत मावणारा हवा. पडदा पेपरांच्या टेबलावर एका कोपऱ्यात राहील, पण डबा फटीतच. आणि त्या एका डब्यात प्रणाली मात्र दोन हव्यात, असं ठरावात पुढं म्हटलं होतं. मराठी गटाला विंडोज हवी होती, कारण त्यांच्याकडे नाटकांच्या हस्तपत्रिकांसाठी घेतलेला एक जुना मराठी टंक होता आणि तो विंडोजशिवाय चालत नसे. कोंकणी गटाला लिनक्स हवी होती. का, ते विचारल्यावर त्यांनी 'मराठी गटाला विंडोज हवी आहे म्हणून' असं न सांगता 'ती मुक्त आहे म्हणून' असं सांगितलं. दोन हजार दहा साल होतं. मुक्त या शब्दाला तेव्हा वजन होतं.

खरेदीसाठी दोघांची उपसमिती नेमली. मराठी गटाचे कृष्णनाथ परब, बांधकाम खात्यातले निवृत्त हेडक्लार्क. कोंकणी गटाचे धाकू गावस, निवृत्त प्राथमिक शिक्षक. अध्यक्ष रामचंद्रभाऊ ऐंशीच्या घरातले काजूबागायतदार होते आणि कुठलंही वाक्य पुरं करत नसत, म्हणून दोन्ही गटांना ते आपलेच वाटत. त्यांनी नावं वाचली आणि म्हणाले, "दोघांनी मिळून मग..." आणि सभा संपली.

अडचण एवढीच होती की कृष्णनाथ आणि धाकू मास्तर एकमेकांशी बोलत नव्हते. शहाऐंशी सालापासून.

सभेत ते अध्यक्षांमार्फत बोलत. "अध्यक्षमहाराज, त्यांना सांगा खिडकी लावून घ्या, पाऊस आत येतो." अध्यक्ष त्यांच्याकडे बघत, आणि खिडकी लागे. वाचनालयाच्या वेळाही वाटून घेतलेल्या होत्या. सकाळी धाकू यायचा, संध्याकाळी कृष्णनाथ. सकाळी कोंकणीचा कैवारी तासभर मराठी पेपर वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं अधोरेखित करून जायचा, आणि संध्याकाळी मराठीचा कैवारी त्या चुका बघत शेजाऱ्याला अस्सल कोंकणीत सांगायचा, की मराठी आता पयलीसारखी उरूंक ना.

ठराव झाला त्या दिवशी कृष्णनाथ घरी आला तर त्याची बायको जानकी मागच्या दारी काजूबिया वाळत घालत होती. तिनं मान वर न करता सांगितलं.

"धाकू मास्तर पुण्याक चल्लो. झिलाकडे. कायमचो."

"कोणी सांगलां?"

"त्याच्या बायलेन. घर बंद करतत. जत्रा झाली की."

कृष्णनाथनं चपला काढल्या. मग परत घातल्या. मग पुन्हा काढल्या.

"जाऊं दी," तो म्हणाला. "माका काय त्याचा?"

"तुमका कायच नाय," जानकी म्हणाली. "म्हणान चपलो धा खेपे काढतात. बोला एकदा. म्हातारे झालात दोगय."

"आदी तेणा बोलूक व्हया. बोलणा तेणा टाकलां."

"आणि तेणा कित्याक टाकलां?"

ह्यावर कृष्णनाथ अंघोळीला गेला.

का टाकलं ते अख्ख्या हळर्णला ठाऊक होतं. शहाऐंशी साली भाषेचं आंदोलन पेटलं होतं, पण जत्रेचं नाटक कुणी थांबवलं नव्हतं. नाटक मराठी, ऐतिहासिक. लेखक कृष्णनाथ, दिग्दर्शक कृष्णनाथ, नायक कृष्णनाथ. नायिका धाकू. गावात तेव्हा बायका रंगमंचावर येत नसत, आणि आल्या असत्या तरी धाकूइतकं लाजणं त्यांना जमलं नसतं. वर्षानुवर्षं ही जोडी गाजत होती. दोडामार्गाहून माणसं नाटक बघायला यायची, ती कृष्णनाथच्या आवाजासाठी आणि धाकूच्या पदरासाठी. त्या वर्षीच्या रंगीत तालमीत नायक लढाईला निघतो आणि नायिका त्याचा हात धरून म्हणते, 'प्राणनाथ, मला सोडून जाऊ नका.' धाकूनं हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, 'प्राणनाथ, माका सोडून जाऊ नका.'

पेडण्याकडे सगळे माकाच म्हणतात. कृष्णनाथही म्हणतो. पण लेखक म्हणून त्याला ते सहन झालं नाही. भर तालमीत, नायकाच्याच आवाजात, तो म्हणाला:

"माका डोक्याला लावतात, धाकू. संवादात 'मला'."

माक्याचं तेल केस काळे करायला चांगलं. धाकूच्या डोक्यावर त्या क्षणी कमरेपर्यंत लांब टोप होता. पेटीवाला इतका हसला की भाता त्याच्या हातातून सुटला. धाकूचे कान लाल झाले. त्यानं टोप काढला, पेटीवर ठेवला, आणि निऱ्या सावरत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो कोंकणीच्या सभेत दिसला. तोवर त्याला त्या प्रश्नात फारसा रस नव्हता. तो मराठी शाळेत मराठी शिकवत होता आणि पुढंही निवृत्तीपर्यंत तेच शिकवत राहिला. कोंकणी पेपरात तो पत्रं लिहू लागला. पहिल्या पत्रात त्यानं 'माका' लिहिलं होतं. संपादकांनी ते सुधारून 'म्हाका' केलं. प्रमाण कोंकणीत म्हाकाच म्हणतात. त्या दुरुस्तीबद्दल मात्र धाकूनं कुणाशी बोलणं टाकलं नाही. तो सभासमारंभात म्हाका म्हणू लागला आणि घरी माका.

आणि आता तो माणूस, कोंकणीसाठी मोर्चात चाललेला, पुण्यात मुलाकडे राहायला निघाला होता. कृष्णनाथला ह्या विनोदाचं हसू यायला हवं होतं. तो विनोद सांगण्यासारखा एकच माणूस गावात होता आणि तो बोलत नव्हता. धाकू जायच्या आत बोलणं व्हायला हवं, हे कृष्णनाथनं मनाशी कबूल केलं. फक्त आधी धाकूनं बोलायला हवं. ह्या अटीवर तो ठाम होता. सरकारी नोकरीत त्यानं आयुष्यभर कुठलीही फाईल आधी स्वतःहून हलवली नव्हती.

उपसमिती म्हापशाला बसनं गेली. एकच बस, दोन वेगळ्या सीटा. कंडक्टरनं विचारलं, "दोघे मिळून?" दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं, तेव्हा त्यानं दोन तिकिटं फाडली.

म्हापशाच्या बाजारामागं एका जिन्यावर अभिजीतचं दुकान होतं. अभिजीत मूळचा गडहिंग्लजचा. म्हापशात येऊन त्याला इतकी वर्षं झाली होती की तो गिऱ्हाइकाची कोंकणी समजे, उत्तर आपल्या मराठीत देई आणि उधारी मागताना हिंदीत शिरे.

"बसा की काका. काय देऊ?"

कृष्णनाथनं घसा साफ केला. "आम्हाला छोट्या चणीचा संगणक हवा आहे. एक वीत आणि तीन बोटं रुंदीच्या जागेत मावेल असा. त्यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही हव्यात. बजेट बावीस हजार."

"ड्युअल बूट. होतंय की. चालू करताना विचारतो, कोण पाहिजे. सांगाल ती चालू होणार."

"दोन्ही एकाच वेळी?"

"न्हाई न्हाई. एका वेळी एकच. एक बंद केल्याशिवाय दुसरी चालू होत न्हाई."

दोघांनाही ही व्यवस्था ओळखीची वाटली. वाचनालय तसंच चालत होतं.

धाकू अभिजीतकडे वळला. "तांकां विचार, दोगांयकूय समान हक्क आसतले मूं?"

अभिजीतनं कृष्णनाथकडे बघितलं. कृष्णनाथ धाकूपासून हातभर अंतरावर बसला होता.

"काका, ते हितंच बसल्यात."

"मला दिसतंय," कृष्णनाथ म्हणाला. "त्यांना सांगा, समानच."

"समानच म्हणत्यात," अभिजीतनं धाकूला सांगितलं. दुकानदार माणूस, त्याला चटकन जमलं.

त्यानं कपाटातून एक चौकोनी हिरवा बोर्ड काढला, जेमतेम तळहाताएवढा. "ह्यो मदरबोर्ड. डबा लहान पायजे तर बोर्ड लहान पायजे. प्रोसेसर ह्याच्यावरच डकवून येतोय, येगळा घ्यायला नको. पैसे वाचत्यात, जागा वाचती, करंट कमी खातोय. फक्त गेम चालायचं न्हाईत."

"वाचनालयात गेम कशाला?" कृष्णनाथ म्हणाला. "वाचनालयांत गेम कित्याक?" धाकू म्हणाला. दोघं एकाच श्वासात बोलले होते. दोघांनाही ते आवडलं नाही.

"आणि दोघांना हाच एक बोर्ड?" कृष्णनाथनं विचारलं.

"हाच की. मदरबोर्ड एकच असतोय. आई किती असणार?"

त्या प्रश्नावर गोव्यात दोन वर्षं आंदोलन झालं होतं. उपसमितीनं छताकडे बघितलं. अभिजीतनं घाईघाईनं पुढचं सांगितलं. "पण ह्याच्यात कोअर दोन हाईत बघा. ड्युअल कोअर."

"एकेकाला एक," धाकू पुटपुटला, आणि तांत्रिकदृष्ट्या ते साफ चूक असूनही कृष्णनाथनं मान डोलावली. अभिजीत खरं सांगायला तोंड उघडणार होता, पण दोन गिऱ्हाइकं पहिल्यांदाच एका गोष्टीवर खूश झाली होती. त्यानं तोंड मिटलं.

रॅमपाशी मात्र गाडी अडली. बोर्डावर रॅमच्या दोन खाचा होत्या. अभिजीतचं म्हणणं, दोन जीबीची एकच पट्टी एका खाचेत बसवा, दुसरी मोकळी ठेवा, पुढंमागं वाढवता येईल.

"एकच पट्टी कुणाच्या बाजूला?" कृष्णनाथनं विचारलं.

"बाजू कुठली आली काका? जी परनाली चालू असंल तिला सगळी रॅम मिळती. ती बंद झाली की दुसरीला सगळी."

"तांकां सांग, सगळें जाचे हातांत आसता तो मागीर सोडिना," धाकू म्हणाला. "म्हाका अणभव आसा."

अखेर दोन खाचांत एकेक जीबीच्या दोन पट्ट्या ठरल्या. एक उजवी, एक डावी. कुठली कुणाची, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुकान बंद करायची वेळ झाली असती. मोकळी खाच उरली नाही, पण न्याय झाला.

मग विंडोजचे पैसे लागतात आणि लिनक्स फुकट, हे निघालं. कृष्णनाथला वाटलं, हा मुद्दा आपण जिंकलो. आपल्या पक्षाला किंमत आहे. पण धाकूनं शांतपणे चष्मा पुसला.

"तांकां विचार, विंडोजीचेर जितले पयशे मोडले, तितले आमच्या वांट्याचे खंय?"

"पण काका, लिनक्स फुकटच असती."

"फुकट आसा म्हूण तिचो वांटो बुडोवचो?"

अभिजीतनं हयातीत अनेक गिऱ्हाइकं बघितली होती. घासाघीस करणारी, उधार नेणारी, परत आणणारी. फुकट वस्तूवर पैसे खर्च करायचा आग्रह धरणारं हे पहिलंच. बराच विचार करून त्यानं तोडगा काढला. लिनक्सच्या नावानं एक चांगला कीबोर्ड घ्यायचा आणि त्यावर देवनागरी अक्षरांची स्टिकरं लावायची. देवनागरी दोघांचीही, त्यामुळे कृष्णनाथला हरकत घेता येईना. ह्या तोडग्यात वीज गेल्यावर संगणक जिवंत ठेवणाऱ्या यूपीएसचे पैसे संपले. अभिजीत म्हणाला, "पेडण्याला लाईट जाती का?" आणि उपसमिती त्या दिवसात पहिल्यांदा मोकळेपणानं हसली. वेगवेगळ्या दिशांना बघून, पण हसली.

राहिली हार्डडिस्क. लहान डब्यात एकच मावत होती.

"मग हिचं पार्टिशन करायचं," अभिजीत म्हणाला.

धाकू उठून उभा राहिला. गोव्यात जमिनीच्या वाटणीचा खटला कोर्टात घातला की त्याला इन्व्हेंतार म्हणतात, आणि धाकूच्या आज्याचा इन्व्हेंतार पेडण्याच्या कोर्टात अजून चालू होता. आजा मेला, बाप मेला, दोन वकील मेले, नारळाची झाडं मेली. पार्टिशन हा शब्द ऐकला की तो आधी दार कुठं आहे ते बघत असे.

"कितले तेंप लागता ताका?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

"किती वेळ? पाच मिनिटं."

"पाच मिन्टां," धाकू म्हणाला आणि खाली बसला. मग ज्या नजरेनं माणूस देवाकडे बघतो त्या नजरेनं त्यानं अभिजीतकडे बघितलं. "सगळ्यांच्यो सयो घेनासतना?" सह्या न घेता झालेली वाटणी त्यानं कधी ऐकली नव्हती.

कृष्णनाथला त्या खटल्याची सगळी हकीकत पाठ होती. शहाऐंशीपर्यंतची. पुढं काय झालं ते विचारायला त्याचे ओठ हलले. त्यानं ते आवळले. आधी त्यानं बोलायचं.

जाता जाता अभिजीतनं सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली. मशीन चालू झाली की यादी येते. पहिली ओळ लिनक्सची, खालची विंडोजची. दहा सेकंदात कुणी बटण दाबलं नाही तर पहिली आपोआप सुरू होते. डिफॉल्ट.

"पयली आमची," धाकू म्हणाला.

"अजिबात नाही," कृष्णनाथ म्हणाला. "त्यांना सांगा, उलटं करा."

"उलटंबी करता येतंय. न्हाईतर शेवटी जी वापरली ती धरायची."

दोन्ही गटांना आपापली वेळ ठाऊक होती. शेवटी वापरणारा संध्याकाळी कृष्णनाथच. धाकू नाही म्हणाला. अभिजीतनं कपाळ पुसलं. "मग वेळच काढून टाकतो. कुणी निवडेपर्यंत मशीन नुसती थांबणार. दिवसभर थांबली तरी थांबणार."

ही तडजोड दोघांनाही पटली. गोव्यातले बरेच प्रश्न ह्याच पद्धतीनं सुटले आहेत.

उद्घाटनाला दोन्ही गट हजर होते. उंडे पाव आणि पातळ भाजी मागवली होती. डबा फटीत बरोबर बसला. एक बोट जागा उरली, तिच्यात रामचंद्रभाऊंनी नारळ ठेवायचा प्रयत्न केला. मग त्यांनी बटण दाबलं. निळा दिवा लागला. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि थांबल्या.

दोन्ही ओळी इंग्रजीत होत्या. मराठी गटाला आणि कोंकणी गटाला एकाच वेळी एकाच गोष्टीचा संताप येण्याचा वाचनालयाच्या इतिहासातला हा पहिला प्रसंग. पण तो टिकला नाही, कारण आता कुणीतरी निवडायला हवं होतं. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. अध्यक्षांनी बोट पुढं केलं.

"तर आता आपण..." ते म्हणाले, आणि बोट मागं घेतलं.

मशीन थांबली. माणसं थांबली. भाजी निवू लागली. कृष्णनाथनं धाकूकडे बघितलं. धाकू पडद्याकडे बघत होता. दाब, कृष्णनाथला वाटलं. दाब आणि माझ्याकडे वळून एक शब्द टाक, 'बघ' म्हण, 'मेल्या' म्हण, काहीही म्हण. धाकूनं हात उचलला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं, आणि लाईट गेली.

इतिवृत्तात नोंद झाली: 'संगणकाचे उद्घाटन झाले असे समजण्यात आले.' मग सगळ्यांनी अंधारात उंडे-भाजी खाल्ली.

जत्रा आली आणि गेली. त्या वर्षी नाटक झालं नाही, ऑर्केस्ट्रा आणला. धाकूच्या अंगणात पुठ्ठ्याचे खोके दिसू लागले. जानकी रोज संध्याकाळी एक खोका वाढल्याचं सांगत असे आणि कृष्णनाथ रोज म्हणे, "माका कित्याक सांगतस?"

धाकू निघायच्या आदल्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती, ती दुपार उलटल्यावर आली. त्यामुळे कृष्णनाथ संध्याकाळी वाचनालयात शिरला तेव्हा संगणकासमोर धाकू बसलेला होता. दुसरं कुणी नव्हतं. निरोप पोचवायला अध्यक्षही नव्हते. वेळ कृष्णनाथची होती. तो परत फिरू शकत नव्हता. त्यानं पेपर उचलला, खुर्ची ओढली आणि तोंडासमोर पान धरलं. पेपरात पेन्सिलीच्या खुणा नव्हत्या. उद्यापासून कधीच नसणार, असं त्याच्या लक्षात आलं.

धाकू एका बोटानं टंकत होता. टक. बऱ्याच वेळानं टक. मग थांबला. मग खोडल्याचे भराभर आवाज. पुन्हा टक, टक. पुन्हा खोडणं.

कृष्णनाथनं पानाच्या कडेवरून बघितलं.

नवीन यंत्र हाती आलं की माणूस मनात असेल ते पहिलं वाक्य लिहितो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: प्राणनाथ, माका सोडून जाऊ नका.

आणि 'माका'च्या खाली लाल नागमोडी रेघ होती.

अभिजीतनं लिनक्समध्ये शुद्धलेखन तपासणारा शब्दकोश घालून दिला होता. त्याच्याकडे मराठीचाच होता. कोंकणीचा त्याला मिळाला नव्हता, आणि देवनागरी ती देवनागरी असा त्यानं विचार केला. धाकूनं शब्द खोडला, परत लिहिला. परत लाल रेघ. त्यानं जागा सोडून लिहिला. लाल रेघ. यंत्र हसत नव्हतं, पण धाकूचे कान लाल झाले. तेच कान. कृष्णनाथनं ते असेच लाल होताना एकदा बघितले होते, आणि तेव्हा तोही हसला होता.

त्यानं पेपर खाली टाकला.

"सर रे धाकू! सर थंयसून! हेका काय कळता!"

धाकू सरला. कृष्णनाथनं खुर्चीवर अर्धवट टेकून माऊस हातात घेतला. बांधकाम खात्यात निवृत्तीच्या आधी त्याला संगणकाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यातलं त्याला एवढंच आठवत होतं, की उजवं बटण दाबलं की यादी येते. आली. यंत्रानं सुचवलं होतं: मका, मामा, माकड.

"माकड म्हणता तुका! बघ, माकड! आणि तेल? माक्याचा तेलसुद्धा ठावूक नाय ह्या शिंदळीच्याक! खंय शिकलां हां?" तो यादीतून खाली खाली जात होता. सगळ्यात शेवटी एक ओळ होती. शब्दकोशात घाला. त्यानं चष्मा वर करून ती दोनदा वाचली, मग कागदावर शिक्का मारावा तसं बटण दाबलं.

लाल रेघ गेली.

दोघं पडद्याकडे बघत राहिले. वाक्य स्वच्छ दिसत होतं. मशीनचा लहानसा पंखा फटीत गुरगुरत होता.

"अध्यक्षमहाराज हजर नाहीत," धाकू अखेर म्हणाला, अगदी शुद्ध, तालमीतल्या मराठीत, "म्हणून थेट सांगतो. आधी तू बोललास."

कृष्णनाथनं माऊस सोडला नाही.

"माका ठावूक आसा," तो म्हणाला. "आणि पुण्यात मातसो सांभाळून बोल. थंय माका डोक्याक लावतत."

धाकूनं खांद्यावरचा टुवाल उचलून पदरासारखा तोंडाशी नेला, आणि त्याचे खांदे हलू लागले.